सीमाभागासाठी मान्य झालेल्या हमी आणि त्यांची अंमलबजावणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून सारखे विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सीमाप्रश्न कोणाच्या बाजूने सुटावा हा या पानाचा विषय नाही, तो सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. केंद्र आणि राज्यांनी एकत्र बसून जे मान्य केले ते गावापर्यंत पोहोचते का, आणि पोहोचत नसेल तर कोणता कागद कुठे द्यायचा, एवढेच इथे सांगितले आहे.

मान्य झालेल्या हमी म्हणजे नेमक्या कोणत्या?

बोलताना सगळे 'करार' म्हणतात, पण कागद वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाचे वजन वेगळे आहे.

पहिला कागद १९५६ चा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. राज्यांच्या हद्दी कशाही आखल्या तरी दुसरी भाषा बोलणारे लोक मागे उरणारच, हे तेव्हा सगळ्यांना दिसत होते. म्हणून केंद्राने राज्यांशी बोलून भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या संरक्षक तरतुदींचे निवेदन तयार केले. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात कलम ३५०-अ आणि ३५०-ब आली.

दुसरा कागद ऑगस्ट १९६१ मधल्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेचा. १९५६ चे निवेदन तिथे आणखी तपशिलात उतरले आणि सगळ्या राज्यांनी ते मान्य केले. शाळांसाठीचे आकडे मात्र त्याहून जुने आहेत, ऑगस्ट १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेतले.

तिसरा अगदी अलीकडचा, १४ डिसेंबर २०२२ चा. तो पूर्णपणे आपल्या सीमाभागापुरता आहे.

महाजन आयोगाचा अहवाल या यादीत घालू नका. तो आयोग याच सीमावादासाठी ऑक्टोबर १९६६ मध्ये नेमला गेला आणि त्याचा अहवाल ऑगस्ट १९६७ मध्ये आला. २६४ गावे महाराष्ट्राला, २४७ गावे कर्नाटकला आणि बेळगाव शहर आहे तिथेच, अशी त्याची शिफारस होती. कर्नाटक तो अहवाल अंतिम मानते, महाराष्ट्राने तो फेटाळला. दोन्ही बाजूंनी मान्य केलेला तो कागद नाही, म्हणून त्याच्या अंमलबजावणीची प्रगतीही मोजता येत नाही.

१४ डिसेंबर २०२२ ला काय ठरले?

त्याआधी आठवडाभर वातावरण तापलेले होते. सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाराष्ट्राच्या समन्वयक मंत्र्यांचा बेळगाव दौरा रद्द झाला होता आणि ६ डिसेंबरला हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या नंबरप्लेटच्या गाड्यांवर दगडफेक झाली होती. केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी कर्नाटकचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई, महाराष्ट्राचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे आणि उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना दिल्लीत एकत्र बसवले.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत कोणतेही राज्य दुसऱ्यावर दावा सांगणार नाही, असे तिथे ठरले. दोन्हीकडचे तीन-तीन मिळून सहा मंत्री एकत्र बसतील आणि शेजारी राज्यांमधले लहानसहान प्रश्न सोडवतील. कायदा-सुव्यवस्थेसाठी ज्येष्ठ आयपीएस अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली समिती असेल, म्हणजे दुसऱ्या भाषेच्या प्रवाशाला, व्यापाऱ्याला, रहिवाशाला त्रास होणार नाही. मोठ्या नेत्यांच्या नावाने ट्विटरवर खोटी खाती काढून आग लावणाऱ्यांवर गुन्हे नोंदवले जातील. विरोधी पक्षांनी हा विषय राजकारणाचा करू नये, असे आवाहनही झाले.

मग त्याचे पुढे काय झाले?

पहिले कलम दोन आठवडेही टिकले नाही. २२ डिसेंबरला कर्नाटक विधानसभेने आणि २७ डिसेंबरला महाराष्ट्र विधिमंडळाने सीमाप्रश्नावर आपापली बाजू ठासून सांगणारे ठराव एकमताने केले. कर्नाटकाचा ठराव बेळगावच्या सुवर्ण विधानसौधातल्या अधिवेशनात झाला. महाराष्ट्राच्या ठरावात बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकीसह ८६५ गावांचा उल्लेख होता. विधिमंडळाचा ठराव म्हणजे न्यायालयातला दावा नव्हे, हे बरोबर. पण ज्या समंजसपणासाठी बैठक घेतली तो दोन्हीकडून मोडला, हे म्हणायला आम्ही कचरणार नाही.

कायदा-सुव्यवस्थेचे कलम फेब्रुवारी २०२५ मध्ये कसोटीला लागले. बेळगाव तालुक्यात भाषेवरून कर्नाटक परिवहनच्या बसवाहकाला मारहाण झाली, लगेच चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या एसटीवर हल्ला झाला आणि दोन्ही राज्यांच्या बसफेऱ्या थांबल्या. मार खाल्ला तो एका बाजूला कन्नड कामगाराने, दुसऱ्या बाजूला मराठी कामगाराने. भाषेपायी ड्युटीवरच्या माणसावर हात टाकणे कुठल्याच बाजूने खपवून घेण्याजोगे नाही. समितीचे काम अशा घटना आधीच रोखण्याचे होते.

सहा मंत्री किती वेळा बसले, कार्यवृत्त कुठे आहे, खोट्या खात्यांवर किती गुन्हे नोंदले गेले, ही माहिती मागून घेण्याची आहे. ती कशी मागायची ते पुढे माहिती अधिकाराच्या प्रश्नात आहे.

प्रगती झाली की नाही, हे ठरवायचे कसे? प्रत्येक पुढारी वेगळे सांगतो.

भाषणे बाजूला ठेवा आणि कागद कलमवार फोडा. जगात हेच करतात. कोलंबियाच्या सरकारने फार्क या बंडखोर संघटनेशी नोव्हेंबर २०१६ मध्ये शांतता करार केला. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या क्रॉक इन्स्टिट्यूटने त्यातून ५७८ स्वतंत्र वचने काढली आणि प्रत्येकासमोर चारपैकी एक शेरा लिहायला सुरुवात केली: सुरूच नाही, किमान, मध्यम, पूर्ण. त्यामुळे 'करार यशस्वी की फसला' हा वाद मागे पडला आणि कोणते वचन कोणत्या वर्षी कुठे अडले ते दिसू लागले.

आपल्याकडे हे वहीच्या एका पानावर होते. डाव्या रकान्यात वचन, मग ते कोणत्या कार्यालयाचे काम, मग पुराव्याचा कागद आणि शेवटी शेरा. पुराव्याचा रकाना रिकामा असेल तर शेरा लिहू नका. 'साहेब म्हणाले होईल' हा पुरावा नाही. परिपत्रकाचा क्रमांक, तारीख, नेमणुकीचा आदेश, फलकाचा फोटो हे पुरावे. शेरा तालुकावार ठेवा. एकच वचन बेळगाव शहरात मध्यम, निपाणीत किमान आणि अथणीत सुरूच नाही, असे असू शकते.

या हमी कायद्याने बंधनकारक आहेत का?

काही आहेत, काही नाहीत, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. कलम २९ आणि ३० मूलभूत हक्क आहेत. आपली भाषा जपण्याचा आणि आपल्या पसंतीची शिक्षणसंस्था काढून चालवण्याचा हक्क त्यांत येतो. तो डावलला तर थेट न्यायालयात जाता येते. कलम ३५० नुसार गाऱ्हाण्याचे निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. कलम ३५०-अ नुसार प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा 'प्रयत्न' राज्याने करायचा आहे आणि राष्ट्रपती त्यासाठी राज्याला निर्देश देऊ शकतात. 'प्रयत्न' या शब्दाने कलम थोडे मऊ झाले आहे, हे ध्यानात असू द्या.

१९५६ चे निवेदन आणि १९६१ चे निर्णय हे कायदे नाहीत, सरकारांनी एकमेकांना आणि लोकांना दिलेला शब्द आहे. ते मोडले म्हणून दंड होत नाही. पण अर्जात त्यांचा उल्लेख असला की अधिकाऱ्याकडे नकाराचे कारण लेखी मागता येते, आणि ते लेखी कारणच पुढच्या पायरीला उपयोगी पडते.

१५ टक्के, ३० टक्के, ६० टक्के: यातले आपल्याला कोणते लागू होते?

ज्या तालुक्यात किंवा नगरपालिका हद्दीत भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के असतील, तिथे महत्त्वाचे नियम, सूचना, नोटिसा त्यांच्या भाषेतही द्यायच्या. राज्याच्या लोकसंख्येत ते ३० टक्क्यांच्या आसपास असतील तर राज्य द्विभाषिक मानायचे. एखाद्या जिल्ह्यात ते ६० टक्के असतील तर त्या जिल्ह्यापुरती त्यांची भाषा जादा राजभाषा करता येते.

२०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७.७९ लाख होती आणि त्यात मराठी मातृभाषा सांगणारे १९ टक्क्यांच्या आत-बाहेर होते. म्हणजे जिल्ह्याची ६० टक्क्यांची अट आपल्याला लागू होत नाही. जिल्ह्याला मराठी दुसरी राजभाषा करा, असा अर्ज या तरतुदीखाली केला तर तो पहिल्याच टेबलावर निकाली निघेल. लागू होते ती तालुका-नगरपालिकेची १५ टक्क्यांची अट. खानापूर तालुक्यात तर मराठी बहुसंख्य आहेत. म्हणून अर्जात जिल्हा लिहू नका. तालुका, शहर, गाव लिहा.

आपल्या तालुक्याचा अधिकृत आकडा कुठे मिळतो?

जनगणनेच्या सी-१६ या तक्त्यात, 'मातृभाषेनुसार लोकसंख्या' या नावाने. जनगणना विभागाच्या संकेतस्थळावर कर्नाटकची फाइल उघडून तालुक्याची ओळ शोधा. निपाणीसारखे तालुके २०११ नंतर झाले. त्यांचा आकडा जुन्या तालुक्यात, म्हणजे निपाणीचा चिकोडीत, मिसळलेला आहे. अशा वेळी शहराची वेगळी ओळ असेल तर ती वापरा आणि अर्जात तसे स्पष्ट लिहा. आकडा चुकला की सगळा अर्ज बाद ठरवायला निमित्त मिळते.

तहसीलदार कचेरीत मराठीतून अर्ज घेतात का? घेतला नाही तर?

गाऱ्हाण्याचे निवेदन घ्यावेच लागते, कलम ३५० तेच सांगते. पण छापील नमुन्यातला अर्ज आणि निवेदन या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. उतारा, जातीचा दाखला, रेशनकार्ड यांचे अर्ज ठरलेल्या नमुन्यात आणि ऑनलाइन असतात, तिथे या कलमाचा फारसा उपयोग होत नाही. अन्याय झाला, उत्तर मिळाले नाही, नोटीस कळली नाही, हे सांगणारा कागद म्हणजे निवेदन. ते छोटे असावे. नमुना असा:

'प्रति, मा. तहसीलदार, खानापूर, जि. बेळगावी. विषय: नोटिशीचे मराठी भाषांतर मिळणेबाबत. भारतीय संविधानाच्या कलम ३५० अन्वये हे निवेदन मराठीतून देत आहे. दि. … रोजी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलेली नोटीस क्र. … फक्त कन्नडमध्ये आहे. हरकतीची मुदत दि. … रोजी संपते. २०११ च्या जनगणनेच्या तक्ता सी-१६ नुसार तालुक्यातील मराठी मातृभाषिक १५ टक्क्यांहून अधिक आहेत. भाषिक अल्पसंख्याकांसाठी १९५६ व १९६१ मध्ये मान्य झालेल्या तरतुदींनुसार नोटिशीचे मराठी भाषांतर द्यावे व तोवर हरकतीची मुदत वाढवावी. सोबत: नोटिशीचा फोटो.'

दोन प्रती न्या. एकीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. आवक क्रमांक पुसट उठला असेल तर तिथेच पेनाने लिहून घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता, असे धरून चाला. टेबलावर घ्यायला नकार मिळाला तर वाद घालत बसू नका. तोच कागद त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती अर्जाला टाचून ठेवा.

जिल्ह्याचे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतपणे 'बेळगावी' आहे. बोलताना आपण बेळगाव म्हणतो आणि म्हणत राहू, पण सरकारी पत्त्यावर अधिकृत नाव घाला. नावावरून अर्ज परत आला तर मुदत आपलीच जाते.

भाषांतर येईपर्यंत हरकतीची मुदत थांबते का?

नाही. सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. भूसंपादन, घरपट्टी, मतदारयादी, गावठाण मोजणी, कोणतीही नोटीस असो, भाषांतराची वाट पाहत बसलात तर मुदत संपते आणि मग न्यायालयही 'तुम्हाला नोटीस मिळाली होती' असेच धरते. कन्नड वाचणाऱ्या माणसाकडून त्याच दिवशी नोटीस समजून घ्या, हरकत कन्नड किंवा इंग्रजीत मुदतीत दाखल करा आणि भाषांतराचे निवेदन वेगळ्या कागदावर द्या. दोन्ही मागण्या एकाच अर्जात कोंबल्या की कारकून सोप्या मागणीला उत्तर देतो आणि फाइल बंद होते.

उत्तर मराठीतून मिळण्याचा हक्क आहे का?

कलम ३५० फक्त देण्याबद्दल बोलते. अल्पसंख्याकांच्या भाषेत आलेल्या पत्राला शक्यतो त्याच भाषेत उत्तर द्यावे, हे मान्य झालेल्या तरतुदींमध्ये आहे. म्हणून मागणी करताना कलम ३५० लिहून थांबू नका, तरतुदींचाही उल्लेख करा. उत्तर कन्नडमध्ये आले तरी ते उत्तरच आहे, पुढच्या अपिलाची मुदत त्या दिवसापासून मोजली जाते.

भाषिक अल्पसंख्याक आयुक्त काय करू शकतात?

हे पद कलम ३५०-ब खाली १९५७ मध्ये निर्माण झाले. आयुक्त तरतुदींची चौकशी करतात, राष्ट्रपतींना अहवाल देतात आणि तो संसदेपुढे ठेवला जातो. राज्याला हुकूम देण्याचा, अधिकाऱ्याला शिक्षा करण्याचा अधिकार त्यांना नाही. तरीही तक्रार करण्यात अर्थ आहे. आयुक्तांचे पत्र राज्याच्या सचिवालयात गेले की जिल्ह्याला खुलासा द्यावा लागतो आणि तुमचे गाव त्या कागदावर येते.

बेळगावात त्यांचे विभागीय कार्यालय वर्षानुवर्षे होते. पाठवण्याआधी सध्याचा पत्ता केंद्रीय अल्पसंख्याक व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर बघून घ्या, जुन्या पत्त्यावर गेलेली पत्रे रेंगाळतात. तक्रारीत एकच मुद्दा मांडा. सोबत तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलेल्या निवेदनांच्या पोचप्रती लावा. 'सीमाभागात मराठी माणसावर अन्याय होतो' या वाक्यावर कोणी कारवाई करू शकत नाही. 'अमुक शाळेत तिसरीच्या वर्गात १४ मराठी मुले, शिक्षक जूनपासून नाही' यावर करू शकतो.

माहिती अधिकाराचा अर्ज मराठीतून चालतो का?

कर्नाटकातल्या कार्यालयाकडे आग्रह धरू नका. २००५ च्या कायद्याचे कलम ६(१) इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असे म्हणते. बेळगावात ती कन्नड. मराठी अर्ज परत आला तर अपिलातही आपली बाजू लंगडी पडते. हिंदीत लिहा, लिपी एकच असल्याने अवघड जात नाही. कर्नाटकच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. शुल्क १० रुपये, पोस्टल ऑर्डर चालते. उत्तर ३० दिवसांत, नाही आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, त्यानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरे.

१४ डिसेंबर २०२२ च्या बैठकीबद्दल केंद्रीय गृहमंत्रालयाकडे ऑनलाइन पोर्टलवर हिंदी किंवा इंग्रजीत विचारता येते. तिथे मजकुराची मर्यादा ३,००० अक्षरे आहे. महाराष्ट्र सरकारकडे मात्र मराठीतच अर्ज करा. हा कायदा भारताच्या कोणत्याही नागरिकाला लागू आहे, त्यामुळे बेळगावच्या रहिवाशाला मंत्रालयात अर्ज करायला आडकाठी नाही. सहा मंत्र्यांच्या समितीची कागदपत्रे दोन्ही राज्यांकडे असणार. एकीकडून नाही मिळाली तर दुसरीकडून मिळू शकतात. 'का केले नाही' असे विचारू नका, कारणे विचारलेला प्रश्न फेटाळला जातो. 'बैठकांच्या तारखा, उपस्थितांची यादी, कार्यवृत्ताची प्रत' असे मागा.

गावात मराठी प्राथमिक शाळा किंवा मराठी शिक्षक मागायला किती मुले लागतात?

शाळेत मिळून ४० किंवा एका वर्गात १०. यातली एक अट पुरी झाली की पुरे, दोन्ही लागत नाहीत. हे आकडे १९४९ पासूनचे आहेत आणि पुढच्या प्रत्येक कागदात कायम राहिले.

पण खरी अडचण आकड्याची नसून तारखेची असते. शाळा सुरू होण्याआधी तीन महिने पालकांनी भाषेची पसंती नोंदवावी, अशी व्यवस्था मान्य झालेली आहे. आपल्याकडे शाळा मे अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला उघडते, म्हणजे नोंद फेब्रुवारी अखेरपर्यंत व्हायला हवी. पालक जूनमध्ये जागे होतात. तोवर शिक्षकांच्या बदल्या आणि नेमणुकांचे कागद पुढे गेलेले असतात आणि गटशिक्षणाधिकारी, म्हणजे आपले बीईओ, 'पुढच्या वर्षी बघू' म्हणतात. ते दरवेळी टाळाटाळच करतात असे नाही, जूनमध्ये त्यांच्या हातात पद नसते.

फेब्रुवारीत करायचे काम असे. मुलाचे नाव, जन्मतारीख, कोणत्या इयत्तेत जाणार, मातृभाषा आणि पालकाची सही, असा तक्ता करा. एका गावात १० मुले होत नसतील तर शेजारच्या वाडीची जोडा. शाळाशाळांमध्ये मुलांची जुळवाजुळव करून संख्या भरून काढायची, हेही मान्य तरतुदींत आहे. तक्ता एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीच्या, बैठकीत ठेवून ठराव करून घ्या आणि ठरावाच्या प्रतीसह बीईओंकडे द्या. नंतर ३० सप्टेंबरच्या संदर्भ तारखेने यूडायसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, पटाची माहिती भरली जाते, तेव्हा मुख्याध्यापकांना विचारून माध्यमाच्या रकान्यात मराठी आहे का ते बघा. तिथे नोंद चुकली तर पुढच्या वर्षी कागदावर तुमची मुले मराठी माध्यमात नसतातच.

शिक्षक आहे, पण त्याला मराठी येत नाही. हे चालते का?

मान्य तरतूद त्या भाषेतून शिकवण्याची आहे, नुसते पद भरण्याची नाही. अशा वेळी 'शिक्षक नाही' अशी तक्रार करू नका, उत्तर येईल 'पद भरलेले आहे'. मराठी माध्यमाची मंजूर पदे किती, त्यांवर मराठी माध्यमातून अर्हता असलेले किती, प्रतिनियुक्तीवर बाहेर गेलेले किती, अतिथी शिक्षक किती, हे चार आकडे माहिती अधिकारात मागा. मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तके कर्नाटक सरकारच छापते. पुस्तके उशिरा आली तर किती मुलांना कोणत्या विषयाचे मिळाले नाही, हे मुख्याध्यापकांच्या सहीने लिहून घ्या.

हायस्कूलसाठी काय अट आहे?

शेवटच्या चार इयत्तांत मिळून ६० आणि प्रत्येक वर्गात १५ मुले. ही संख्या खेड्यात पुरी होणे कठीण असते, म्हणून इथे एका मध्यवर्ती शाळेची आणि बसच्या वेळेची मागणी जास्त व्यवहार्य ठरते.

मुलांना कन्नड शिकावेच लागेल का?

हो. कर्नाटकच्या २०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्यानुसार कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली आहे. माध्यम मराठी ठेवून कन्नड दुसरी भाषा घेता येते. शिकण्याचे माध्यम मात्र राज्य लादू शकत नाही. कर्नाटकच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ६ मे २०१४ रोजी तसा निकाल दिला आणि मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवतील, असेही सांगितले.

हिंडलग्याचे हुतात्मा स्मारक १ जून १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनाची आठवण आहे, ती जखम कोणी विसरलेले नाही. तरीही मुलांना कन्नड चांगले वाचता-लिहिता यावे, असे आमचे ठाम मत आहे. नोटीस ज्या भाषेत येते ती भाषा ज्याला वाचता येते, त्याची मुदत चुकत नाही.

दुकानाची पाटी मराठीत ठेवता येते का?

ठेवता येते, फक्त मराठीत नाही. कन्नड भाषा सर्वंकष विकास कायद्याच्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर पाटीचा ६० टक्के भाग कन्नडमध्ये आणि वरच्या बाजूला हवा. उरलेल्या भागात मराठी चालते. रंगाऱ्याला अंदाजावर सोडू नका. पाटीची उंची मोजा, वरचे ६० टक्के खडूने आखून द्या आणि काम झाल्यावर तारखेसह फोटो ठेवा. ४ फूट उंच पाटीवर कन्नडला सुमारे २९ इंच आणि मराठीला १९ इंच मिळतात, अक्षर बऱ्यापैकी मोठे बसते.

महाराष्ट्रातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवरची उर्दू काढा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये फेटाळली. राज्याची भाषा पाटीवर असताना दुसरी भाषा जोडायला कायद्याने मनाई नाही, हा त्यातला मुद्दा आपल्या नगरपालिकांपुढे मांडण्याजोगा आहे. अर्थात प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे, हेही सोबत सांगावे.

सरकारी नोकरीत कन्नडची अट हमीच्या विरुद्ध नाही का?

निवडीच्या वेळी राज्यभाषेची अट घालू नये, परीक्षा परिवीक्षाकाळ संपण्याआधी घ्यावी, असे मान्य झाले होते. प्रत्यक्षात भरतीमध्येच कन्नडची सक्तीची अर्हता परीक्षा असते. शेऱ्याच्या रकान्यात इथे 'सुरूच नाही' लिहावे लागेल. पण भरतीचे नियम कायद्याच्या बळावर आहेत आणि हमीला ते बळ नाही. उमेदवाराने परीक्षेची तयारी करावी, या कलमाचा पाठपुरावा संघटनांनी करावा.

सीमेवर गाडी अडवली, दगड मारले तर काय करायचे?

आधी गाडी सुरक्षित जागी न्या आणि ११२ ला फोन करा. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात माहिती देता येते. कोगनोळी टोलनाक्याजवळ प्रकार घडला आणि तिथे थांबणे धोक्याचे वाटले, तर पलीकडे महाराष्ट्रात कागलला नोंदवा, तिथून ते योग्य ठाण्याकडे जाते. ऑनलाइन कळवले तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. लिहिलेली माहिती वाचून दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. प्रत मोफत मिळते. ठाण्याने नोंद घेतली नाही तर मजकूर लिहून टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा.

काचेचे तुकडे झाडण्याआधी फोटो काढा, नंबरप्लेट आणि टोलनाक्याची पाटी एकाच फोटोत येऊ द्या. टोलची पावती किंवा फास्टॅगचा संदेश वेळ सिद्ध करतो. विमा कंपनीलाही तोच कागद लागतो.

महाराष्ट्रातल्या कन्नड भाषिकांना याच हमी आहेत का?

तंतोतंत याच. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर इथल्या कन्नड शाळांना १० आणि ४० चाच नियम, तिथल्या तालुक्यांना १५ टक्क्यांचाच नियम. जतमध्ये कन्नड शाळेला शिक्षक मिळाला, तर तो आदेश खानापूरच्या अर्जाला जोडा, आणि खानापूरचा जतच्या लोकांना द्या. हे दोन्हीकडच्या लोकांनी अजून पुरेसे केलेले नाही आणि ते व्हावे, असे आम्हाला मनापासून वाटते.

खटला चालू असताना या हमी मागितल्या तर आपला दावा कमजोर होतो का?

ही भीती जुनी आहे आणि तिच्यामुळे पुष्कळ शाळांचे अर्ज गेलेच नाहीत. महाराष्ट्राने २००४ मध्ये कलम १३१ खाली दाखल केलेला मूळ दावा क्रमांक ४ हा दोन राज्ये आणि केंद्र यांच्यातला आहे. हद्द बदलण्याचा अधिकार कलम ३ नुसार संसदेचा आहे, अशी कर्नाटकची भूमिका आहे. एखाद्या पालकाने तिसरीच्या वर्गाला शिक्षक मागितल्याने त्या खटल्यात काही बदलत नाही. निकाल कधी आणि काहीही लागो, आज पहिलीत असलेले मूल तोवर थांबू शकत नाही.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना ८६५ गावांना लागू केली आणि कर्नाटकने त्याला आक्षेप घेतला, ते प्रकरण वेगळे. ते एका राज्याचे स्वतःचे पाऊल आहे, मान्य झालेल्या हमींचा भाग नाही.

येत्या जनगणनेत काय काळजी घ्यावी?

लोकसंख्येची प्रत्यक्ष गणना फेब्रुवारी २०२७ मध्ये व्हायची आहे, संदर्भ तारीख १ मार्च २०२७. पुढची अनेक वर्षे १५ टक्क्यांचा हिशेब याच आकड्यावर होणार.

मातृभाषा म्हणजे लहानपणी आईने माणसाशी जी भाषा बोलली ती, अशी जनगणनेची व्याख्या आहे. आई लवकर गेली असेल तर लहानपणी घरात मुख्यतः जी बोलली जात होती ती. मूल कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात जाते म्हणून त्याची मातृभाषा बदलत नाही. येणाऱ्या इतर भाषांची नोंद २०११ मध्ये वेगळी होती, दोनपर्यंत. तिथे कन्नड, हिंदी जरूर सांगा. प्रगणक घरातल्या एकाला विचारून सगळ्यांच्या रकान्यात तेच भरतो, ही नेहमीची चूक आहे. सून कन्नड घरातली असेल तर तिची मातृभाषा कन्नडच लिहायला हवी आणि आजीची मराठी. माहिती मोबाइलवर भरली जाणार आहे. प्रगणक उठण्याआधी प्रत्येक नावापुढची भाषा मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.